सुक्या बांगड्याची सत्तरी

वरची वाडी,
सोमवार, भात झोडून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी

ती. सौ. वन्सं यांच्या पायांवर धाकट्या भावजयीचं, म्हणजे मालनचं, डोकं.

वि. वि. (हे दोन वि कशाचे ते चौथीत बाईंनी सांगितलं होतं. चौथीनंतर शाळा सुटली आणि तेही सुटलं. पण पत्रात घालतात म्हणून घातले.) इकडे सगळं बरं आहे, म्हणजे मी बरी आहे आणि तुमचा धाकटा भाऊ आहे तसाच आहे. तुमचा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का? कानाचं यंत्र कानात घालता की अजून कपाटात कुलूप लावून ठेवलंय? तुम्ही ते घातलं असतंत तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. परवा फोनवर मी ओरडून ओरडून सगळं सांगितलं आणि तुम्ही तिकडून भात किती झालं एवढंच विचारत राहिलात. शेजारच्या काशीने मात्र तिच्या अंगणात बसून पहिल्या खेपेलाच सगळं ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत खालच्या वाडीला पोचवलं. तेव्हा आता लिहिते. चष्मा लावून वाचा आणि मधेच चिडून फाडू नका, शेवटपर्यंत जा.

तुम्ही मला एक काम दिलं होतं. थोरल्या भावोजींचं मुंबईहून पत्र आलं की सत्तरी झाल्यावर मी घरी येऊन राहीन म्हणतो, तुम्हा सगळ्यांचं काय मत आहे. तुमच्या धाकट्या भावाला कसलं मत. त्यांनी पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि गुरांना पाणी दाखवायला गेले. ती सकाळीच दाखवून झाली होती. मग मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, बाप गेला तेव्हा जो तेराव्या दिवशी उगवला आणि मागीलदारी बसून गिटारीच्या तारा खाजवत राहिला, तो आता म्हातारपण घेऊन येतोय होय. तू जा, तोंडावर सांग, घरात जागा नाही. तोंड तुझं चांगलं आहे, म्हणालात. (लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, माझं तोंड तुम्ही पहिल्यांदा चांगलं म्हटलंत, तेही कामापुरतं.) मला पटलं होतं, खोटं कशाला बोलू. त्या माणसाला लग्न नाही, मूल नाही. येणार, बसणार, आणि पहाटे उठून चहा कोणी द्यायचा, तर मी. बावीस वर्षांपूर्वी तुम्ही त्यांची गिटार विहिरीत टाकलीत तेव्हा ती दोरीने वर काढायला पण मलाच लावलं होतंत, कारण पाणी घाण होईल.

तर ते काम झालं का? झालं. मी सांगितलं. एकदा नाही, दोनदा सांगितलं. पण सांगितल्यावर जे व्हायला पाहिजे होतं ते झालं की उलटंच झालं, हे माझं मलाच कळत नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

वाढदिवसाचं निमंत्रण आलं ते काळ्या कार्डावर. वर देव नाही, मुहूर्त नाही, एक गिटार काढलेली, तीही वाकडी. एका बाजूला नुसतं "जे" आणि त्याखाली सत्तर. (तिकडची माणसं त्यांना जे म्हणतात. चांगलं जानू नाव ठेवलंय बापाने, ते एका अक्षरात संपवलं.) दुसऱ्या बाजूला "खास पाहुणे वादक" म्हणून तीन नावं. कार्यक्रम मांडवीला, समुद्राच्या कडेच्या मैदानात, संध्याकाळी पाच वाजता. मुंबईत मोठी मोठी सभागृहं मिळत होती म्हणे, त्यांच्या शिष्यांनी सगळी तयारी दाखवली होती, पण हा माणूस एकच धरून बसला की सत्तरी करीन तर रत्नागिरीत करीन, आमची माणसं यायला हवीत. आमची माणसं म्हणजे कोण हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मी पण तेव्हा विचारात घेतलं नाही.

हे कार्ड तुमच्या भावाने रावजीच्या पडवीत नेऊन वाचलं. ही पहिली चूक. रावजी आता अडुसष्टचा झाला, पण वाडीच्या नाचाची ढोलकी अजून कोणाला शिवू देत नाही, आणि शक्ती-तुऱ्याचा सामना सोडून जगात दुसरा कसला कार्यक्रम असतो हे त्याला मान्य नाही. (तुम्ही गुहागरला दिल्यापासून सामने बघितले नसतील. अजून तसंच आहे. एक पार्टी शक्तीवाली, म्हणजे आपली, एक तुरेवाली, एकीने गाण्यात सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातच जवाब द्यायचा, नाही आला तर हार, आणि ती हार पुढची तीन वर्षं बाजारात भेटेल त्याच्या तोंडून ऐकायची.) रावजीने कार्ड हातात घेतलं, एका बाजूला एक नाव बघितलं, दुसऱ्या बाजूला तीन बघितली आणि म्हणाला, "एकट्यावर तिघं? म्हाताऱ्या मानसावर? ह्यो कंचा न्याय?"

तुमचा भाऊ म्हणाला असेल काहीतरी, किंवा नसेल. झालं, वाडीत बातमी फुटली की जानूवर मुंबईवाल्यांनी सामना लावलाय आणि त्याच्या बाजूला कोणी नाही. ज्या वाडीने पन्नास वर्षांत त्या माणसाची चौकशी केली नाही, ती वाडी दोन टेंपो भरून निघाली. मी रावजीला सांगून बघितलं की ते तिघं त्यांचे मित्र आहेत. रावजी म्हणाला, "मित्र, तर मंग समोरासमोर कशाला हुभे ऱ्हातात?"

मी आपली माझ्या तयारीत. घरात जागा नाही म्हणून सांगायचं असलं तरी सत्तरीचं ओवाळायला हवं, ते चुकवून कसं चालेल. हे काम खरं तर बहिणीचं. बहीण येणार नाही म्हटल्यावर माझ्यावर आलं. कणकेचे सत्तर दिवे केले, वाफवले, दोन परातींत मांडले, खोबरेल तेलाची बरणी घेतली आणि टेंपोत रावजीच्या ढोलकीशेजारी बसले. वाटभर एका हाताने परात आणि एका हाताने डोक्यावरचा पदर धरला. मनात घोकत होते, आधी निरोप, मग ओवाळणं. की आधी ओवाळणं, मग निरोप. ओवाळल्यावर जागा नाही सांगणं बरं दिसत नाही, आणि जागा नाही सांगून ओवाळणं तर त्याहून वाईट. मांडवी आली तरी ठरलं नाही.

आम्ही चारलाच पोचलो. तिकडे मंडपात नुसता गोंधळ. सुरू करायचे, थांबायचे, परत तेच सुरू करायचे, परत थांबायचे. मला वाटलं, यांना येतच नाही, आता पाच वाजता काय वाजवणार. मी भावोजींना शोधायला मंचाच्या मागे गेले. एक बाई पाठमोरी उभी, पांढरी वेणी कमरेपर्यंत. म्हटलं, ताई, जरा बाजूला होता का. वळली तर दाढीवाला बाप्या. तोच खास पाहुण्यांतला पहिला, लांब कुठल्यातरी डोंगरातून आलेला, त्याला मराठी येत नाही. हात जोडून बाजूला झाला. दुसरा पाहुणा चारी बाजूंनी पिंपं मांडून मधे बसलेला, पोटाने त्यातलं एक कधीही पडेल असा. तिसरी ईशा म्हणून मुलगी, केस मुलग्यासारखे, भावोजींची शिष्या, तिने मला काकू म्हणून हाक मारली आणि आत नेलं.

आत भावोजी एका लोखंडी पेटीवर बसले होते. काळी बनियन म्हणा किंवा काय ते, डाव्या कानात बाळी, आणि डावा हात गरम पाण्याच्या बादलीत कोपरापर्यंत घातलेला. मी म्हटलं, सत्तरीला माणूस निदान आंघोळ पूर्ण करतो. ते हसले. "मालन ना तू? जेवलीस?" एवढंच. बावीस वर्षांनी भेटलेल्या माणसाने पहिली गोष्ट जेवलीस का विचारली तर लगेच जागा नाही कसं सांगायचं? मी म्हटलं, मी एक सांगायला आलेय. तेवढ्यात कोणीतरी "जे, जे" करत आला आणि त्यांना उठवून घेऊन गेला. बादली तशीच. मला वाटलं, मोठ्या कलाकारांची काहीतरी रीत असेल.

कार्यक्रम सुरू झाला तो धुराने. वन्सं, तिथे धूर सोडायचं यंत्र असतं. मला काय ठाऊक. मंचाच्या खालून भसाभसा धूर येताना बघितला आणि मी पाण्याची कळशी घेऊन धावले, ती ईशाने वाटेत धरली. म्हणाली, काकू, मुद्दाम सोडलाय. घरात चुलीचा धूर झाला की माणसं खोकून मरतात आणि हे मुद्दाम सोडतात. वर त्या धुरासाठी एक मोठा पंखा. मग तिने मला ओवाळायला वर बोलावलं. मी सत्तर दिवे लावायला घेतले. पाच लावले की चार विझायचे. तुमचा भाऊ काडेपेटी घेऊन खाली वाकलेला, मी पदराने वारा अडवतेय, समोर हजारभर माणसं. शेवटी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आधी तो पंखा बंद करा, मग काय तो वाढदिवस करा. ते माईकमधून साऱ्या मांडवीला ऐकू गेलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या मला कळेना. कार्यक्रमातलंच वाटलं असेल.

पंखा बंद झाला. सत्तरांतले तिसेक दिवे टिकले. कुंकू लावायला वाकले आणि म्हटलं, आता नाही तर कधी नाही. भावोजींच्या कानाशी सांगून टाकलं, "वन्संचा निरोप आहे, घरात जागा नाही." त्यांनी मान डोलावली, हसले, आणि "हो, हो, नक्की" म्हणाले. मी खाली आले. इतकं हलकं वाटलं. म्हटलं, काय समजूतदार माणूस आहे, उगाच घाबरत होते. मग ईशाला विचारलं, त्यांच्या कानात ती काळी बोंडं कसली. तर म्हणे, काकू, ती घातली की बाहेरचं काही ऐकू येत नाही. (तुमच्या घराण्यात एकाने कानात घालायचं ते घालायचं नाही आणि एकाने घालून बसायचं. मी सांगायचं कुणाला?)

मग खरा आवाज सुरू झाला. छातीत जातं फिरल्यासारखा. पहिल्यांदा मी कानांवर हात ठेवले, मग हात दुखले म्हणून काढले, मग सवय झाली. वाडीची माणसं डाव्या अंगाला बसलेली, सगळ्यांत पुढे रावजी, मांडीवर ढोलकी. वेणीवाला पुढे आला आणि त्याने भावोजींकडे तोंड करून काहीतरी वाजवलं. रावजी मागे वळून म्हणाला, "ह्यो सवाल." भावोजींनी तेच उलटं फिरवून वाजवलं. "जवाब." वाडी ओरडली. ईशा पुढे आली, तिने टाकला, भावोजींनी फेडला. "पोरगीचा सवाल जड व्हता," रावजी म्हणाला. मला ठाऊक होतं हा सामना नाही, ईशाने मघाच समजावलं होतं की काकू, आम्ही मिळून वाजवतो. पण वन्सं, एक वाजवतो, दुसरा तोंडाकडे बघतो, मग दुसरा वाजवतो, पहिला मान हलवतो. याला सामना नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? दहा मिनिटांनी मी पण मनात धरून बसले की आपला माणूस पडता कामा नये. ज्याला घरात घ्यायचं नाही असं सांगायला आले होते, त्याच्यासाठी. हे कसं झालं ते विचारू नका.

शेवटी एक लांबलचक आलं. ते भावोजींचं खास, पन्नास वर्षं लोक तेच ऐकायला येतात म्हणे. दिवस मावळत होता, धूर तांबडा झाला होता. चाललं होतं आपलं बरं, आणि मधेच थांबलं. भावोजींचा उजवा हात तारांवर फिरतोय, पण आवाज येत नाही. डावा हात तसाच धरलेला, हलत नाही. वेणीवाल्याने बघितलं, पटकन पुढे आला आणि जिथे तुटलं होतं तिथून स्वतः वाजवायला लागला. (त्यांच्यात रीतच आहे तशी, एकाचं अडलं की दुसऱ्याने उचलायचं, हा मान समजतात. हे ईशाने मला नंतर सांगितलं. आपल्यात अडलेल्या शाहिराच्या तोंडचं काढून घेतलं तर दोन वाड्यांचं पाणी बंद होईल.)

रावजी उठला. सत्तरीला टेकलेला माणूस, पण कठड्यावरून मंचावर कसा चढला ते त्याचं त्याला ठाऊक. ढोलकी गळ्यात अडकवली आणि वेणीवाल्यासमोर हात आडवा धरला. "थांब बाबा. आमचा मानूस पडलेला नाय. ठेका चालू हाय तवर तुजा तोंड बंद." आणि ठेका धरला. आपला नियम तुम्हाला ठाऊक आहे, शाहिराचा गळा बसला तर ढोलकी थांबत नाही, आणि ढोलकी थांबत नाही तोवर समोरच्याला बोलता येत नाही. वेणीवाल्याला मराठीचं अक्षर कळत नाही, पण ढोलकीचं कळलं असावं. त्याने हात तारांवरून उचलले, मान खाली घातली आणि उभा राहिला. पिंपवाल्याने हळूच रावजीचा ठेका उचलला. तुमचा धाकटा भाऊ मला म्हणाला, जा, रावजीला खाली घेऊन ये. स्वतः नाही गेला. मी गेले.

मला रावजीला आणायचं होतं, पण वाटेत भावोजी दिसले. गिटारीच्या मागे डावा हात लपवत होते. बोटं आत वळलेली, चिंबोरीची नांगी असते तशी, उघडेनात. मला म्हणाले, "मालन, रावजीला सांग, वाजवत ऱ्हा. थांबू नकोस." आता मला बादली कळली. आणि हेही कळलं की तो वेणीवाला, ती ईशा, तो पोटवाला, हे तिघं काही वाढदिवस खायला आलेले नव्हते. हा हात कुठेतरी अडणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून आले होते.

माझ्या दोन्ही पराती अजून मंचाच्या कोपऱ्यात होत्या. विझलेल्या दिव्यांत तेल तसंच होतं, कोमट. मी परात ओढली, खाली बसले आणि त्यांचा हात मांडीवर घेऊन चोळायला लागले, गाईची कास आखडली की चोळतात तसा, अंगठ्याने आतून बाहेर. डोक्यावरून पदर कधी पडला कळलं नाही. थोरल्या दिराचा हात, हजार माणसांसमोर. ज्या दिरासमोर मी कधी पाटावर बसले नाही. सासूबाई असत्या तर त्यांनी मला समुद्रात लोटलं असतं आणि बरोबर केलं असतं. रावजी ठेका सोडत नव्हता. बोटं हलत नव्हती. मी म्हटलं, हात रिकामा नाही पण तोंड रिकामं आहे, काम तरी उरकू. "भावोजी, कानातली बोंडं काढा."

काढली.

"वन्संचा निरोप आहे. मघा सांगितला तो तुम्हाला ऐकू गेला नाही. घरात जागा नाही म्हणून सांगितलंय."

ते म्हणाले, "सोनी बोलली? माझं नाव घेतलंन?"

"नाव नाही घेतलं. सुका बांगडा म्हणाल्या."

"सुका बांगडा म्हटलान?" लहान मुलासारखं विचारलं. "आख्खं सांग, मालन. तिचेच शब्द सांग. वगळू नकोस."

म्हणून मी तुम्ही सांगितलं होतंत तसं म्हणून दाखवलं, की त्या सुक्या बांगड्याला म्हणावं, पडवीत पाय ठेवलास तर तंगडी मोडून चुलीत घालीन आणि उरशील तो मांजरीला टाकीन. वन्सं, तो माणूस हसायला लागला. इतका हसला की माझ्या हातातला हात हलायला लागला. मला वाटलं रडतायत, बघितलं तर दोन्ही चाललं होतं. मला असली मिसळ कळत नाही. माणसाने एक काय ते करावं. मी त्यांना घरातून घालवत होते आणि ते असे तोंड करून बसले होते की जसं मी आमंत्रण आणलंय. म्हणाले, "बावीस वर्षं एक शब्द नाय टाकलान माझ्यासाठी. आज एवढे टाकलान." मग म्हणाले, "ती गिटार विहिरीत टाकलान ते बरं केलान. तिची मान वाकडी झाली व्हती, मला टाकवत नव्हती."

चोळता चोळता तीन बोटं सुटली. दोन नाही सुटली. ते उठले, रावजीकडे बघितलं, आणि तीन बोटांनी वाजवायला लागले. ते लांबलचक नव्हतं. संथ होतं, थोडं होतं, रावजीच्या ठेक्यावर बसलेलं होतं. चांगलं होतं की नाही ते मला विचारू नका, मला त्यातलं कळत नाही. पण रावजीने डोळे मिटले होते, आणि रावजी ढोलकी वाजवताना कधी डोळे मिटत नाही, समोरच्या पार्टीवर लक्ष ठेवून असतो.

संपल्यावर रावजी सरळ बाजूच्या टेबलाकडे गेला, तिथे कोणा पुढाऱ्याच्या सत्कारासाठी ठेवलेला नारळ उचलला, भावोजींच्या हातात दिला आणि सांगून टाकलं की शक्तीवाले जिंकले. सगळ्यांत जोरात टाळ्या त्या हरलेल्या तिघांनी वाजवल्या. वेणीवाला रावजीच्या पाया पडला. रावजी त्याला म्हणाला, "बाबा, वाईट वाटून घेव नको, पुढच्या वक्ताला बघू." दोघांनी नंबर घेतले एकमेकांचे. बोलणार कुठल्या भाषेत ते देव जाणे.

तर असं झालं. निरोप पोचला, तुमच्याच शब्दांत पोचला, साक्षीला हजार माणसं आहेत. काम मी केलं. पराती घेतल्या आणि आम्ही घरी आलो. तुमच्याकडच्या मोठ्यांच्या पाया पडते, लहानांना जवळ घेते, मधल्यांनी आपापलं बघावं. हात दुखायला लागला म्हणून थांबते.

तुमची आज्ञाधारक (शक्य तेवढी),
मालन

ता. क. — वर "आम्ही घरी आलो" लिहिलंय त्यात भावोजी पण आले. हे मधेच लिहिलं असतं तर तुम्ही तिथेच पत्र फाडलं असतंत. मी त्यांना बोलावलं नाही. सामना जिंकलेल्या शाहिराला वाडीत आणून ग्रामदेवतेला नारळ द्यायचा असतो, तो नेमच आहे, रावजीने त्यांना टेंपोत बसवलं, मला कोणी विचारलं नाही. देवळातून निघाल्यावर माणूस जाणार कुठे. पण तुमचा शब्द मी मोडला नाही. पडवीत पाय ठेवू दिलेला नाही. मागीलदाराने आले, मागीलदारानेच जातात येतात. आज नववा दिवस.

ता. क. दुसरा — चहाचं मी म्हटलं होतं ते खोटं ठरलं. ते पहाटे पाचला उठून स्वतः करतात आणि मला आणून देतात. बेचव असतो, पाण्यासारखा. पण मी बसून पिते. बसून चहा मी माहेरी शेवटचा प्यायले होते. हाताला तेल चोळायचं काम तुमच्या धाकट्या भावाला लावलंय. संध्याकाळी दोघं भाऊ हातात हात घेऊन तासभर बसतात आणि एक अक्षर बोलत नाहीत. मी विचारलं तर हे म्हणाले, बोललो की आम्ही. कधी बोलले मला ठाऊक नाही.

ता. क. तिसरा, आणि हे पत्र खरं म्हणजे यासाठी आहे. तुम्ही या. तवसाळला येऊन जयगडची फेरीबोट धरा, पलीकडे हे गाडी घेऊन उभे राहतील. जागा नाही ते तुम्ही स्वतः येऊन सांगा, मला आता जमत नाही. कारण ते रोज रात्री जेवताना विचारतात, सोनी आणखी काय म्हणाली. तुम्ही दिलेल्या शिव्या मी पुरवून पुरवून वापरल्या, चौथ्या दिवशी संपल्या. मग मी माझ्या पदरच्या घातल्या. काल म्हटलं, वन्सं तुम्हाला सुका बोंबील पण म्हणाल्या. त्यांनी घास खाली ठेवला, म्हणाले, "हे सोनीचं नाय." आणि पुढे जेवले नाहीत.